समुद्रावर, होमस्टेत, स्टँडवर चोरून काढलेले फोटो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी लागली की अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावर गर्दी उसळते, आणि त्याच दिवसांत आमच्या ऑफिसात ठरावीक फोन सुरू होतात. कुणाला कपडे बदलताना पत्र्याच्या फटीत मोबाईल दिसलेला असतो, कुणाला होमस्टेच्या बाथरूमची खिडकी खटकलेली असते. होमस्टेवाले, स्कूबावाली पोरं, हौशी फोटोग्राफर हेही विचारतात, कारण त्यांना आपण कुठे अडकू याची धास्ती असते. त्या सगळ्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तुमच्या प्रकरणात वकिलाशी बोलायला लागेलच, पण निदान काय बोलायचं ते कळेल.

समुद्रकिनारा सार्वजनिक आहे. मग तिथे कुणाचेही फोटो काढायला मोकळीक आहे ना?

मालवणात हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो, "समुद्रार फोटो काढूक बंदी आसा काय?" बंदी नाही. सूर्यास्त काढा, होड्या काढा, त्यात चार माणसं आली तरी कुणी तुम्हाला धरणार नाही. पण "जागा सार्वजनिक होती" एवढं बोलून सुटका होते हा समज चुकीचा आहे, आणि बहुतेक आरोपी तेच वाक्य घोकून येतात.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई वाचा. एखाद्या व्यक्तीच्या गुप्तांगांचं, नितंबांचं किंवा स्त्रीच्या स्तनांचं, उघड्या अवस्थेतलं किंवा फक्त अंतर्वस्त्रातलं चित्र तिच्या संमतीशिवाय टिपणं, छापणं किंवा पाठवणं हा गुन्हा आहे. शरीराचा तो भाग लोकांना दिसणार नाही अशी तिची रास्त अपेक्षा असली म्हणजे पुरे. ती व्यक्ती सार्वजनिक ठिकाणी होती की खाजगी, याने फरक पडत नाही, असं त्या कलमातच लिहिलं आहे.

मालवणच्या जेटीवर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत चढताना बघा. होडी वरखाली होते, बाई एक पाय होडीत आणि एक जेटीच्या पायरीवर ठेवून तोल सांभाळते, हातात पोर असतं, स्कर्ट वाऱ्याने उडतो. आधीच होडीत बसलेला एखादा त्याच वेळी मोबाईल खाली धरून कॅमेरा वर वळवतो. जागा सार्वजनिक, वेळ भरदुपारची, आजूबाजूला पन्नास माणसं. तरीही ६६ई लागतं. एसटी स्टँडचा जिना, रेल्वेचा पादचारी पूल, किल्ल्याच्या उंच पायऱ्या, सगळीकडे हाच हिशोब.

आपल्याकडच्या कायद्याला नावं ठेवायची सवय आहे म्हणून एक सांगते. हे कलम २००८ च्या दुरुस्तीने आलं आणि २००९ पासून लागू आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला म्हणावं लागलं होतं की, कपडे घातलेल्या बाईच्या स्कर्टखालचा फोटो आमच्या कायद्यात बसत नाही. ओरड झाल्यावर दोन दिवसांत कायदा बदलला. इंग्लंडमध्ये यासाठी स्वतंत्र गुन्हा झाला तो २०१९ मध्ये. आपल्याकडे कलम आधीपासून आहे. ते लावायला सांगणारा कुणी लागतो.

नेमकी कोणती कलमं लागतात?

मुख्य दोन. पहिलं वरचं ६६ई : तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पीडित व्यक्ती बाई, पुरुष, तृतीयपंथी, कुणीही असू शकते.

दुसरं भारतीय न्याय संहितेचं कलम ७७, व्हॉयरिझम, म्हणजे चोरून बघणं किंवा टिपणं. हे जुन्या भारतीय दंड विधानातलं ३५४सी. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती बसली आणि २०१३ च्या दुरुस्तीने ते आलं. १ जुलै २०२४ पासून त्याचा नंबर ७७ झाला. बाई खाजगी कृतीत असताना, म्हणजे तिचे गुप्त अवयव उघडे किंवा फक्त अंतर्वस्त्रात असताना, शौचालयात असताना किंवा शरीरसंबंधाच्या वेळी, आणि आपल्याला कुणी बघत नाही असं तिने धरून चालावं अशा जागी, तिच्याकडे बघणं, चित्र टिपणं किंवा ते पसरवणं, असा हा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास किमान एक आणि जास्तीत जास्त तीन वर्षं. पुन्हा ठरल्यास किमान तीन, जास्तीत जास्त सात. दंड वेगळा.

यातला "बघणं" हा शब्द लोकांच्या नजरेतून सुटतो. कॅमेरा नसला, मोबाईलमध्ये काहीही सापडलं नाही, तरी न्हाणीघराच्या झरोक्यातून डोकावणं हाच गुन्हा पुरा होतो. जुन्या कलमात आरोपी फक्त पुरुष असू शकत होता, नव्यात तसं बंधन नाही. म्हणजे खोली झाडणाऱ्या बाईने मालकाच्या सांगण्यावरून मोबाईल लपवला असेल तर तीही आरोपी.

जोडीला कलम ७९ असतं : स्त्रीच्या लज्जेचा अपमान करण्याच्या हेतूने केलेला शब्द, हावभाव किंवा कृती, किंवा तिच्या खाजगीपणात केलेली घुसखोरी. यालाही तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड.

मी पूर्ण कपड्यात वाळूत बसले होते आणि एकाने न विचारता माझे फोटो काढले. हा व्हॉयरिझम होतो का?

नाही. हे उत्तर कुणाला आवडत नाही, पण पोलीस स्टेशनच्या बाकावर बसून ऐकण्यापेक्षा इथे वाचलेलं बरं. केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये हेच म्हटलं : बाई खाजगी कृतीत नसेल, तर नुसता संमतीशिवाय काढलेला फोटो या कलमात येत नाही.

म्हणून तक्रार करताना "माझे फोटो काढले" एवढ्यावर थांबू नका, पुढचं सांगा. तो काय बोलला? कॅमेरा वारंवार छातीवर किंवा मांड्यांवर झूम करत होता का? तुम्ही "बंद कर" म्हटल्यावर हसत चालूच ठेवलं का? जागा बदललीत तेव्हा मागे आला का? फोटो टाकताना खाली घाणेरडा मजकूर लिहिला का? यावर कलम ७९ उभं राहतं की नाही ते ठरतं. लैंगिक शेरेबाजी असेल तर ७५ येतं. तुम्ही नको म्हणूनही तो पुन्हा पुन्हा संपर्क करू पाहत असेल, तर पाठलागाचं ७८. यातलं काहीच नसेल तर गुन्हा नोंदवणं अवघड आहे. पोलिसांनी समज देऊन सोडला तर ते तुमच्यावर अन्याय करत आहेत असं दर वेळी समजू नका.

माझ्या मते कायद्यात इथे फट आहे. लांबून मोठ्या लेन्सने ओल्या कपड्यातल्या बायकांचे तुकडे-तुकडे टिपणारा माणूस आणि सूर्यास्त टिपणारा माणूस यांच्यातला फरक किनाऱ्यावरच्या पोराला कळतो, कलमाच्या भाषेत तो मांडताना मात्र आमची दमछाक होते.

मुलगी पोहण्याच्या कपड्यात होती. म्हणजे तिची हरकत नव्हतीच ना?

हा प्रश्न बायका कधी विचारत नाहीत.

कपडा म्हणजे संमती नव्हे. मात्र पोहण्याचा पोशाख हे अंतर्वस्त्र नाही, आणि तो घालून ती उघड्यावर आली असेल तर जे सगळ्यांना दिसतंच आहे त्याच्या फोटोला ६६ई सहज लागणार नाही. लागतं ते तिच्या पोशाखाने झाकलेलं टिपायचा प्रयत्न केल्यावर : लाटेने कपडा सरकला तो क्षण, कपडे बदलताना टॉवेल सुटला तो क्षण. असे क्षण "चुकून" टिपले गेले असतील तर पुसून टाकायचे असतात. जपून ठेवले किंवा मित्राला पाठवले की "चुकून" म्हणायला जागा उरत नाही.

गोव्याच्या पर्यटन खात्याने जानेवारी २०२३ मध्ये सूचनाच काढली : अनोळखी पर्यटकांचे, विशेषतः ऊन खात पडलेल्या किंवा समुद्रात पोहणाऱ्या लोकांचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय काढू नका. सूचना मोडली म्हणून कुणी तुरुंगात जात नाही, पण किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला, शॅकवाल्याला हटकायला एक आधार मिळाला. आपल्या ग्रामपंचायतींनी किनाऱ्यावर तसा फलक लावायला कुणाची आडकाठी आहे? "येथे कचरा टाकू नये"च्या शेजारी जागा असतेच.

कपडे बदलायला नुसता झावळ्यांचा आडोसा होता. त्याला खाजगी जागा म्हणता येईल का?

येईल. दार-कडी-कुलूप असलं तरच खाजगी, असं कायदा म्हणत नाही. त्या परिस्थितीत तिथे खाजगीपणा मिळेल असं कुणालाही वाटावं, एवढंच लागतं. वॉटर स्पोर्ट्सच्या स्टॉलमागे ताडपत्री बांधून "लेडीज चेंजिंग" असं खडूने लिहिलं असेल, तर तसं लिहिणाऱ्यानेच ती अपेक्षा निर्माण केली. दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्यासारख्या गरम पाण्याच्या कुंडांवर बायकांसाठी वेगळी भिंत घातलेली असते, तिथेही तेच. भिंतीपलीकडून वर धरलेला मोबाईल हा ७७ चा सरळ मामला आहे. तिथे बायका पूर्ण उघड्या नव्हत्या, ओल्या परकरात होत्या, असा बचाव घेतला जातो. कोर्ट प्रत्येक प्रकरणात कपडा आणि परिस्थिती बघून ठरवतं. म्हणून जबाबात अंगावर नेमकं काय होतं ते संकोच न करता लिहून द्या. "अर्धवट कपड्यात" अशा गोल शब्दाचा फायदा आरोपीला मिळतो.

हे आडोसे बांधणाऱ्यांसाठी दोन शब्द. झावळ्या सुकल्या की फटी पडतात. पत्र्याला जुन्या खिळ्यांची भोकं असतात. खालून वीतभर जागा मोकळी सोडलेली असते, कारण वाळू सरकते. आत उभं राहून दार लावा आणि उजेड कुठून येतो ते बघा. जिथून उजेड येतो तिथून नजरही येते. आतून जुनं फ्लेक्स ठोकलं तरी काम होतं, खर्च जवळजवळ शून्य.

होमस्टेत छुपा कॅमेरा आहे का हे कसं तपासायचं?

बहुतेक घरं चांगली आहेत हे आधी सांगते, नाहीतर हे वाचून लोक घावणे खायच्याआधी भिंती ठोकत बसतील.

खोलीत शिरल्यावर पलंगाकडे आणि न्हाणीघराकडे तोंड करून असलेल्या वस्तू बघा : घड्याळ, धुराचा सेन्सर, चार्जरचा ठोकळा, सेट टॉप बॉक्स, गीझरच्या वरचा कोपरा, एक्झॉस्ट फॅनची जाळी. अशा वस्तूचं तिथे काम काय, हा प्रश्न विचारा. दोन खोल्यांच्या कौलारू घरात आगीचा सेन्सर बाथरूमच्या दारावर कशाला असेल? संशय आलेल्या वस्तूवर अंधारात तिरपा टॉर्च मारा, लेन्स असेल तर टाचणीच्या डोक्याएवढी चमक परत येते. खोली पूर्ण काळोखी करायची तर रात्री दिवे मालवा. पावसाळ्यात ते काम महावितरण आपणहून करतं. काळोखात बघणाऱ्या काही कॅमेऱ्यांचा इन्फ्रारेड दिवा मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून जांभळट ठिपक्यासारखा दिसतो, पण नाही दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. आरशाला बोट लावून बघायची युक्ती भरवशाची नाही.

महागड्या उपकरणांपेक्षा उघडी खिडकी जास्त धोक्याची. आमच्याकडे आलेल्या तक्रारींत लपवलेला कॅमेरा क्वचित असतो. न्हाणीघराच्या झरोक्यातून आत आलेला हात आणि त्यातला साधा मोबाईल हेच नेहमीचं. झरोक्याला पंचा लावा.

काही सापडलं तर ते उपटू नका. आहे तसं राहू द्या, त्यावर रुमाल टाका, आपल्या मोबाईलवर खोलीसकट त्याचा व्हिडिओ घ्या, बाहेर पडा आणि ११२ लावा. मालकाला आधी सांगायचं की पोलिसांना? पोलिसांना. मालक निर्दोष असेल तर त्याचंही त्यात भलं आहे.

आम्ही होमस्टे चालवतो. सीसीटीव्ही लावायला पोलीसच सांगतात. मग लावायचा कुठे?

गेट, गाड्यांची जागा, ओसरी, स्वागताचं टेबल. तिथे "येथे सीसीटीव्ही आहे" असा ठळक बोर्ड हवा. खोलीत नाही, न्हाणीघरात नाही, कपडे वाळत घालायच्या जागेकडे रोखून नाही. बाहेरचा कॅमेरा खोलीच्या खिडकीतून आत बघत नाही ना, हे मोबाईलवरच्या चित्रात स्वतः तपासा. कॅमेरा बसवणारा माणूस वायर वाचवायला सोयीचा कोपरा धरतो, त्याला खिडकीशी देणंघेणं नसतं. २०१५ साली गोव्यात कांदोळीला एका कपड्याच्या दुकानात, कपडे घालून बघायच्या खोलीच्या दिशेने असलेला कॅमेरा तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांच्या लक्षात आला आणि देशभर गाजला. कॅमेऱ्याचं तोंड कुठे आहे याकडे तेव्हापासून पोलीस बारकाईने बघतात.

रेकॉर्डिंगचा पासवर्ड कुणाकुणाकडे आहे, तेही लिहून ठेवा. बसवणाऱ्याने ठेवलेला मूळ पासवर्ड बदललेला नसेल तर तुमची ओसरी कोण बघतंय ते तुम्हालाही सांगता येणार नाही. पाहुण्यांच्या आधार कार्डाच्या प्रती, फोन नंबर, फुटेज ही मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर ठेवलेली सगळी माहिती आता २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. निवास-न्याहारी योजनेत नोंदणी केली म्हणून त्यातून सूट नाही.

समोर रंगेहाथ सापडला. फोन काढून घेऊ का? चार ठेवून देऊ का?

आरडाओरडा करा, लोक जमवा, त्याचा चेहरा आणि गाडीचा नंबर आपल्या फोनवर घ्या. ११२ लावा. रेल्वेत असाल तर १३९. इथपर्यंत कुणाचं दुमत नाही.

पुढे जरा सांभाळून. सामान्य माणसाने एखाद्याला अटक करून ठेवायची मुभा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पूर्वीची फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ४० मध्ये आहे, पण ती मुख्यतः अजामीनपात्र आणि दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) गुन्ह्यापुरती. पहिल्या वेळचा व्हॉयरिझम दखलपात्र असला तरी जामीनपात्र आहे. खांबाला बांधून ठेवलंत, बदडलंत, की दुसऱ्या दिवशी त्याची तुमच्यावर तक्रार असते, आणि मग दोन्ही बाजूंची प्रकरणं "मिटवून टाकूया" म्हणणारे लगेच जमतात. चार जणांनी वाट अडवून पोलीस येईपर्यंत बोलत ठेवणं वेगळं, आणि जमावाने धुणं वेगळं.

फोनचं काय? सगळ्यात कठीण जागा हीच. बाईला त्या क्षणी एकच गोष्ट हवी असते : तो फोटो पुसला जावा. आजूबाजूचेही म्हणतात, "डिलीट कर आधी". तो पटकन डिलीट करतो, दाखवतो, माफी मागतो, आणि पुरावा गेला. वर फोटो गेलेला नसतोच. तो कचऱ्याच्या फोल्डरमध्ये महिनाभर असतो, क्लाउडवर आपोआप चढलेला असतो, मित्राला पाठवून झालेला असतो. माझा सल्ला : तक्रार करायची असेल तर त्याला फोनला हातच लावू देऊ नका, डिलीट करू देऊ नका, आणि तुम्हीही उघडून बघू नका. पोलीस जप्तीचा पंचनामा करतात, जप्तीचं चित्रीकरण करणं नव्या संहितेने बंधनकारक केलं आहे, फोन सीलबंद होऊन न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो, पुसलेलं बऱ्याचदा तिथे परत मिळतं. आणि तक्रार करायचीच नसेल, सुट्टीतला एक दिवस आहे, पोरं रडतायत, उद्या पुण्याला परत जायचंय, तर तेही समजण्यासारखं आहे. तेव्हा डिलीट करायला लावताना कचऱ्याचं फोल्डर आणि क्लाउडही बघायला सांगा. मात्र नंतर मन बदललं तर हातात फार काही उरणार नाही हे ठाऊक असू द्या.

पोलीस स्टेशनात काय होईल?

बाईची तक्रार महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा इतर महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं, आणि ७७ व ७९ दोन्ही त्यात येतात. छोट्या दूरक्षेत्रात (पोलीस चौकीत) त्या वेळी महिला कर्मचारी नसेल तर थांबायची किंवा मुख्य ठाण्यात जायची तयारी ठेवा. हद्दीचा वाद घालू देऊ नका. काशीदला घडलं आणि तुम्ही ठाणे शहरात पोचलात, तरी तिथल्या पोलीस स्टेशनात शून्य क्रमांकाने एफआयआर नोंदवता येतो, तो काशीदच्या हद्दीतल्या पोलीस स्टेशनाकडे वर्ग होतो. ऑनलाइन कळवलंत तर तीन दिवसांत सही करायला जावं लागतं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

६६ई चा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. हवालदाराने "साहेब आल्यावर बघू" म्हटलं तर त्यात तेवढं तथ्य असू शकतं, पण तक्रार घेण्यासाठी साहेब लागत नाहीत. घेतलीच नाही, तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

तुमच्याकडचे स्क्रीनशॉट, व्हिडिओ कोर्टात द्यायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा मसुदा वकील करून देतात. तुम्ही मूळ फाइल मूळ फोनमध्ये तशीच ठेवा, कापाकापी करू नका, फोन विकू नका.

क्लिप व्हायरल झाली. आता?

आधी लिंक, खात्याचं नाव, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट. मग त्या ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी अशी चित्रं काढून टाकायला २४ तासांची मुदत घातली होती, फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ती दोन तासांवर आली, आणि त्यात खोटी, जोडतोड केलेली चित्रंही येतात. तक्रार तुम्ही किंवा तुमच्या वतीने दुसऱ्या कुणी केली तरी चालते. त्याच दिवशी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविषयीच्या विभागात नोंद करा. नाव न देताही माहिती देता येते, पण तपास पुढे जायला हवा असेल तर नाव द्या. १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, तिथे अडकून पडू नका.

स्टॉप एनसीआयआय नावाची एक मोफत सोय आहे. चित्र तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त एक आकडी ठसा तयार होतो. सहभागी कंपन्या त्या ठशाशी जुळणारं चित्र आपल्याकडे चढू देत नाहीत. व्हॉट्सॲपवर आधीच फिरत असलेल्याचा त्याने नायनाट होत नाही, पण पसरण्याला आळा बसतो.

संमतीने काढलेला फोटो नंतर संमतीशिवाय पसरवला तरी तो ७७ मध्येच येतो. "तिनेच पाठवला होता" हा बचाव नाही.

गावच्या ग्रुपवर कुणीतरी टाकली. मी फक्त बघितली. मी अडकेन का?

नुसती आली आणि तुम्ही पुसली, तर नाही. पुढे पाठवलीत तर हो, "बघा काय चाललंय आपल्या गावात" असं वर लिहून पाठवलीत तरीही. चित्रातली व्यक्ती अठराच्या आतली असेल तर फार सावध राहा : अशी चित्रं जवळ ठेवणं, ठरवून बघणं हासुद्धा पॉक्सोखाली, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली, गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. अशा गुन्ह्याची माहिती असून ती पोलिसांना न देणं हाही गुन्हा आहे, मग तुम्ही शिक्षक असा, सरपंच असा की पोलीस पाटील.

ग्रुपच्या ॲडमिनला आपोआप जबाबदार धरता येत नाही, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये तसं म्हटलं आहे. सामील असेल तर गोष्ट वेगळी. पण ॲडमिन असून क्लिप दोन दिवस तशीच लटकत ठेवायची आणि वर हसणारे चेहरे टाकायचे, हे सामील नसल्याचं लक्षण नव्हे.

मुलग्यांचं, पुरुषांचं काय?

७७ फक्त बाईच्या बाजूने बोलतं. पुरुषांसाठी ६६ई. अठराखालच्या मुलगा-मुलगी दोघांना पॉक्सो, आणि मदतीला मुलांची हेल्पलाइन १०९८. पोहायला आलेल्या शाळेच्या सहलीतल्या पोरांचे फोटो सरांनी ग्रुपवर टाकताना हे लक्षात ठेवावं. नळाखाली आंघोळ करणारी चौथीतली पोरं गमतीची वाटतात, पण तो फोटो शाळेच्या पानावर जायचं कारण नाही.

स्कूबावाल्याने पाण्याखालचा माझा व्हिडिओ रील म्हणून टाकला. मी परवानगी दिली नव्हती.

तारकर्ली-देवबागला हे सर्रास चालतं. शूटिंग पॅकेजमध्येच असतं, संध्याकाळी व्हिडिओ व्हॉट्सॲपवर येतो, आणि दुसऱ्या दिवशी जाहिरातीत आपणच हात हलवताना दिसतो. साधा व्हिडिओ असेल तर फौजदारी गुन्हा नाही. पण तुम्हाला दाखवून धंद्याची जाहिरात करायला तुमची परवानगी हवी, आणि शूटिंगला दिलेली परवानगी जाहिरातीला लागू होत नाही. आधी सरळ फोन करा. बहुतेक पोरं लगेच काढतात, त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. नाही काढलं तर लेखी नोटीस आणि ॲपकडे तक्रार. व्हिडिओत कपडा सरकलेला भाग मुद्दाम ठेवला असेल, तर मात्र वरची सगळी कलमं उघडतात.

स्कूबावाल्यांनो, फॉर्मवर एक ओळ वाढवा : "माझा व्हिडिओ जाहिरातीसाठी वापरायला हरकत आहे / नाही". छापायला पैसे पडत नाहीत.

मी छंद म्हणून फोटो काढतो. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्या, खाडीत तिसऱ्या (शिंपले) काढणाऱ्या बायकांचे फोटो काढणंही आता गुन्हा का?

नाही. काम करणाऱ्या माणसांचे उघड्यावरचे फोटो कायद्याने चालतात. पण तिसऱ्या काढणारी बाई गुडघाभर चिखलात वाकलेली असते, लुगडं कमरेला खोचलेलं असतं, आणि ओहोटी संपायच्या आत तिला टोपली भरायची असते. तुम्ही मागून, कंबरेच्या उंचीवरून क्लिक करता, तेव्हा तिला काय वाटतं ते तिला विचारून बघा. समोर जा, कॅमेरा दाखवा. ती "काढ बाबा" म्हणेल किंवा पदर सारखा करेल किंवा शिवी हासडेल. तिन्ही उत्तरं स्पष्ट असतात. फोटो विकायचा किंवा जाहिरातीला द्यायचा असेल तर लेखी परवानगी घ्या.

ड्रोन?

कशाने टिपलं हे ७७ आणि ६६ई विचारत नाहीत. ड्रोन उडवायचे नियम वेगळे आहेत, ते पाळले तरी गच्चीवर न्हाणाऱ्या बाईचं चित्र टिपलंत तर गुन्हा तोच.

पोरगा गावातलाच आहे. तंटामुक्ती समितीत मिटवून टाका असं सगळे म्हणतात.

म्हणणारच. त्याचं लग्न ठरलेलं असतं, किंवा मुंबईला नोकरी लागायची असते. मुलीचं काय ठरलेलं असतं ते कुणी विचारत नाही.

कलम ७७ आपसात मिटवता येत नाही. ६६ई चा गुन्हा बाईविरुद्ध किंवा अठराखालच्या मुलाविरुद्ध असेल तर कोर्टालाही तो तडजोडीने मिटवायची मुभा नाही, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७७ए मध्ये तसं लिहिलं आहे. समितीने दंड लावून कागदावर अंगठे घेतले तरी त्या कागदाने गुन्हा पुसला जात नाही. एफआयआर रद्द करायचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांना त्यासाठी ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जावं लागतं, रायगडकरांना मुंबईच. पण तिथे फिर्यादीची खरी इच्छा काय आहे ते विचारलं जातं, दबाव वाटला तर सांगता येतं.

किती दिवसांत तक्रार करायची? वकिलाचे पैसे परवडत नाहीत.

तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची तक्रार तीन वर्षांच्या आत नोंदवायची असते. पण सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांतच स्वतःवर लिहून जातं, होमस्टेचा पाहुणा निघून जातो, साक्षीदार पर्यटक पुन्हा सापडत नाही. आठवड्याच्या आत गेलेलं बरं.

वकिलाचं म्हणाल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचा टेबल असतो. अर्ज साध्या कागदावर चालतो, सोबत ओळखपत्राची झेरॉक्स आणि एफआयआरची प्रत न्या.